शर्यतीत पाय दुखू लागला तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा किलोमीटरपासून पूर्ण मॅरेथॉनपर्यंतच्या शर्यतींत उतरणारे हौशी धावपटू पायाच्या दुखण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. धावायचे की थांबायचे हा निर्णय रस्त्यावर, काही मिनिटांत आणि बहुधा एकट्यानेच घ्यावा लागतो. त्या निर्णयाला मदत व्हावी एवढाच या उत्तरांचा हेतू आहे. निदान डॉक्टरांनीच करायचे असते. दुखणे किती तीव्र आहे यापेक्षा ते नेमके कुठे आहे आणि त्यामुळे धावण्याची ढब बदलली आहे का, हे आम्ही अधिक महत्त्वाचे मानतो, आणि बहुतेक उत्तरे याच भूमिकेतून दिलेली आहेत.

१. शर्यतीत पाय दुखणारच. मग कोणते दुखणे सोडून द्यायचे आणि कोणत्या दुखण्याकडे लक्ष द्यायचे?

श्रमाचे दुखणे पसरलेले असते. ते दोन्ही पायांत साधारण सारखे असते, मांड्या आणि पोटऱ्या जड होतात, वेग कमी केला की ते उतरते, आणि नेमके कुठे दुखते असे विचारल्यास धावपटू अख्ख्या मांडीवरून हात फिरवतो. इजेचे दुखणे बहुधा एकाच पायात असते, ते बोटाने दाखवता येते, आणि वेग कमी केल्यानंतरही पाऊल टेकताक्षणी कळ येतेच.

तिसरी खूण ढबीची, आणि तीच सर्वांत विश्वासाची. टाच टेकवायचे टाळणे, एक पाऊल आखूड पडणे, शरीर एका बाजूला झुकणे, पायाचा चवडा बाहेर वळवून धावणे यांपैकी काहीही सुरू झाले असेल, तर शरीराने आपल्यापुरता निर्णय घेतलेला आहे असे समजावे. धावताना प्रत्येक पावलागणिक पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो आणि हौशी वेगाने एका किलोमीटरला हजाराच्या आसपास पावले पडतात. दहा किलोमीटर उरलेले असतील तर दुखऱ्या पायावर तो भार अजून सुमारे पाच हजार वेळा पडणार आहे. लंगडत धावल्याने त्या पायाची सुटका होत नाहीच, उलट दुसऱ्या पायाची पोटरी, खुबा आणि कंबर यांच्यावर सवय नसलेला ताण येतो. म्हणून लंगडणे सुरू झाले की धावणे थांबवावे, हा आमचा सर्वसाधारण नियम आहे. त्याला अपवाद थोडे आहेत: स्नायूत आलेला गोळा (प्रश्न ४) आणि तळव्याला आलेला फोड. फोडामुळे पाऊल वाकडे पडत असेल तर वैद्यकीय कक्षात पट्टी लावून घ्यावी. त्या दोन मिनिटांची कंजुषी केल्यामुळे पुढे गुडघा धरून बसावे लागलेले धावपटू पुष्कळ आहेत.

२. मला सहन होत असेल तर धावत राहायला काय हरकत आहे?

सहनशक्ती हे इजेचे माप नाही. शर्यतीत ॲड्रेनॅलिन आणि एंडॉर्फिनसारखी द्रव्ये रक्तात वाढलेली असतात, मेंदू वेदनेचे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवरच दाबू शकतो, आणि लक्ष गर्दीकडे, घड्याळाकडे व पुढच्या धावपटूच्या पाठीकडे असते. सरावात ज्या दुखण्याने धावपटू दुसऱ्याच मिनिटाला थांबला असता, तेच दुखणे शर्यतीत तासभर चालून जाते.

याची दुसरी बाजू अशी की, धावता येते आहे म्हणजे हाड शाबूत आहे, असेही अनुमान काढता येत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४ × ४०० मीटर रिलेच्या प्राथमिक फेरीत अमेरिकेच्या मँटिओ मिचेलच्या डाव्या पायातील फिब्युला, म्हणजे नडगीच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, अर्ध्या वाटेत मोडले. तरीही त्याने आपला टप्पा सुमारे ४६ सेकंदांत पूर्ण करून बॅटन पुढे दिले. ही हकिगत जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेही. परंतु त्याच्यापुढे दोनशे मीटर उरले होते, आणि शरीराच्या भाराचा फार थोडा भाग फिब्युलावरून जातो. तीच मोड शेजारच्या जाड हाडात झाली असती तर ती हकिगत वेगळ्या रीतीने सांगावी लागली असती. एकवीस किंवा बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्याने त्यातून स्वतःसाठी परवानगी काढू नये.

३. शर्यतीच्या मध्येच स्वतःची तपासणी कशी करावी?

रस्त्याच्या कडेला या आणि एक मिनिट साधे चाला. चालतानाही दुखत असेल, किंवा चालतानाही लंगडावे लागत असेल, तर पुन्हा धावू नये. चालताना ठीक वाटत असल्यास दुखरी जागा बोटाने दाबून पाहा: हाडावर एका बिंदूशी तीव्र दुखत असेल तर ते लक्षण वाईट समजावे, मांसल भागात सगळीकडे थोडेथोडे दुखत असेल तर तितके वाईट नाही. नंतर दुखऱ्या पायावर काही सेकंद उभे राहून पाहा. भौतिकोपचार तज्ज्ञ याच्या पुढे जाऊन एका पायावर उडी मारायला सांगतात, परंतु हाडाला तडा असण्याची शंका असेल तर हा प्रयोग रस्त्यावर स्वतःहून करू नये.

सगळे बरे वाटले तर अगदी हळू सुरुवात करावी आणि पाचशे मीटरनंतर पुन्हा अंदाज घ्यावा. दुखणे बसत चालले आहे, तेवढेच आहे की वाढते आहे, हे पाहावे. वाढत असेल तर पुढच्या मदत केंद्रावर थांबायचे, हे तेव्हाच मनाशी ठरवावे, कारण केंद्र जवळ आल्यावर विचार बदलतो.

शून्य ते दहा अशा मोजपट्टीबद्दलही अनेक जण विचारतात. टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) किंवा गुडघ्याची वाटी यांच्या जुन्या दुखण्यावर उपचार सुरू असताना ती वापरतात. दोनपर्यंतचे दुखणे निर्धोक, पाचपर्यंतचे चालवून घेण्याजोगे, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलेले असले पाहिजे, असा तिचा साधारण अर्थ आहे. निदान झालेल्या दुखण्यासाठी, शांत डोक्याने केलेल्या सरावात ती उपयोगी पडते. शर्यतीत अचानक उद्भवलेल्या दुखण्याला ती लावू नये. त्याचे कारण प्रश्न २ मध्ये आले आहे.

४. पोटरीत गोळा आला तर काय करावे? मीठ खाल्ल्याने तो जातो का?

थांबून तो स्नायू सावकाश ताणावा. पोटरीत गोळा आला असेल तर गुडघा सरळ ठेवून पायाचा चवडा नडगीकडे ओढावा. मांडीच्या मागच्या बाजूला आला असेल तर टाच पुढे टेकवून, गुडघा सरळ ठेवून कमरेतून पुढे वाकावे. वीस ते तीस सेकंद ताण धरून सोडावा आणि गोळा पूर्ण सुटेपर्यंत तसे करत राहावे. झटके देऊ नयेत.

मीठ आणि पाणी कमी पडल्यामुळेच गोळा येतो, अशी समजूत फार जुनी आहे. आज अधिक मान्य असलेले स्पष्टीकरण असे, की थकलेल्या स्नायूला आकुंचनाचा आदेश देणाऱ्या आणि तो आदेश थोपवणाऱ्या मज्जासंदेशांचा तोल बिघडतो. म्हणूनच गोळा सबंध शरीरात न येता सर्वाधिक राबलेल्या स्नायूत येतो आणि नुसते ताणल्यानेही सुटतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकड्यांचे खारट पाणी प्यायल्यावर गोळा इतक्या लवकर सुटला, की ते मीठ तोपर्यंत रक्तात पोहोचणेच शक्य नव्हते. आंबट-खारट चवीमुळे घशातून निघणारा मज्जासंदेश त्यामागे असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. उष्ण हवेत, खूप घाम येणाऱ्या व्यक्तीला क्षार हवेतच. फक्त मिठाची गोळी हा गोळ्यावरचा हुकमी इलाज नव्हे.

गोळा सुटल्यानंतर वेग कमी करून शर्यत पूर्ण करता येते. पुन्हा त्याच वेगाने निघालात तर तो बहुधा परत येतो.

५. तो गोळा होता की स्नायू फाटला, हे कसे ओळखायचे?

गोळा आलेला स्नायू हाताला दगडासारखा घट्ट लागतो आणि ताणल्यावर आराम पडतो. फाटलेला स्नायू ताणला की दुखणे वाढते. स्नायू फाटण्याचा क्षण बहुतेकांना नेमका सांगता येतो: अमुक पावलाला सणक आली, काहीतरी तुटल्यासारखे वाटले. काही वेळाने तेथे सूज येते, एक-दोन दिवसांत काळेनिळे दिसू लागते. अशा वेळी ताणत किंवा चोळत बसू नये. शर्यत तेथेच संपली असे समजावे. टाचेच्या वरच्या भागाबद्दल प्रश्न ९ पाहा.

६. नडगी दुखते. ही नेहमीची नडगीदुखी आहे की हाडाला तडा गेला आहे?

नेहमीच्या नडगीदुखीत हाडाच्या आतल्या कडेने, खालच्या अर्ध्या भागात, निदान पाच सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यात दाबल्यावर दुखते. अंग गरम झाल्यावर ते काहीसे कमी होते आणि थांबल्यावर पुन्हा जाणवते. स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये, म्हणजे वारंवारच्या भाराने हाडाला गेलेल्या तड्यामध्ये, दुखरी जागा लहान व ठरावीक असते, धावत जावे तसे दुखणे वाढत जाते, आणि पुढे पुढे चालताना, मग रात्री अंथरुणातही ते ठणकू लागते.

एकातून दुसरे केव्हा झाले हे शर्यतीत कळत नाही. त्यामुळे पट्टा लहान होत बिंदूवर आला असेल, तर धावणे थांबवणे हेच शहाणपणाचे. नडगीच्या पुढच्या, धारदार कडेच्या मध्यावर बिंदूएवढी जागा दुखत असेल तर अधिकच जपावे, कारण तेथील तडा भरून यायला फार वेळ घेतो आणि पूर्ण मोडण्याचा धोकाही असतो.

७. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठरावीक अंतरानंतरच दुखते आणि चालले की थांबते. हे काय आहे?

हे वर्णन मांडीच्या बाहेरून जाणाऱ्या पट्टीच्या, म्हणजे आयटी बँडच्या दुखण्याशी जुळते. उतारावर ते वाढते. हाड मोडण्याची भीती येथे नसते. म्हणून चालणे आणि धावणे आलटून पालटून शर्यत पूर्ण करणे अनेकांना जमते. मात्र गुडघा ताठ ठेवून, फेंगडे धावत पुढे रेटले तर आठवड्याभरात बरे होणारे दुखणे दोन-तीन महिने मुक्काम करते. गुडघा अडकत असेल, आतून लचकत असेल किंवा शर्यतीतच सुजला असेल, तर तो आयटी बँडचा प्रश्न नव्हे, थांबावे.

८. जांघेत खोलवर दुखते आहे, पण धावता येते. धावू का?

नाही. या पानावरील इतर बहुतेक उत्तरांत जर-तर आहेत. येथे ते जाणीवपूर्वक ठेवलेले नाहीत.

जांघेत किंवा मांडीच्या वरच्या पुढच्या भागात, पायावर भार टाकताना येणारी खोल कळ ही मांडीच्या हाडाच्या मानेतील, म्हणजे खुब्याच्या गोलकाखालच्या अरुंद भागातील, स्ट्रेस फ्रॅक्चरची असू शकते. तिला गंभीर म्हणण्याचे कारण शरीररचनेत आहे. खुब्याच्या गोलकाला जाणारा रक्तपुरवठा मुख्यतः याच मानेवरून जातो. तडा वाढून हाड सरकले, तर शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते, आणि ती करूनही गोलकाचे हाड रक्ताअभावी मृत होण्याचा धोका उरतो. मानेच्या वरच्या बाजूचा तडा खालच्या बाजूच्या तड्यापेक्षा अधिक धोक्याचा, कारण तेथे हाड दाबले न जाता ताणले जाते. पण कोणता तडा आहे हे रस्त्यावर कळायचा मार्ग नाही.

फसवणूक अशी होते की हे दुखणे सुरुवातीला स्नायू आखडल्यासारखे वाटते आणि काही वेळा गुडघ्याकडे जाणवते. धावपटू जांघ ताणतो, थोडे बरे वाटते, आणि तो पुढे निघतो. जांघेतील दुखण्यात चालत शर्यत पूर्ण करण्याचा मार्गही आम्ही सुचवत नाही. गाडी मागवावी, त्या पायावर शक्य तितका कमी भार टाकावा आणि एमआरआय होईपर्यंत धावू नये.

पायाच्या पाठीवर, घोट्याच्या किंचित पुढे, बोटाने दाबल्यावर दुखणारी जागाही याच सावधगिरीने घ्यावी. तेथील नॅव्हिक्युलर हाडाला रक्तपुरवठा कमी असतो आणि तडा हट्टी असतो.

९. टाच आणि तिच्या वरची शीर दुखते. त्याचे काय?

तळव्याच्या टाचेकडील भागात सकाळच्या पहिल्या पावलांना दुखत असेल आणि शर्यतीत ते सौम्य राहत असेल, तर सहसा धावता येते. टाचेच्या वरच्या अकिलिस टेंडनचे जुने, सौम्य दुखणेही धावताना बरेचदा बसते. परंतु मागून कोणी लाथ मारल्यासारखा तडाखा जाणवला, मागे वळून पाहिल्यावर कोणीच नव्हते, आणि त्यानंतर चवड्यावर उभे राहता येत नाही, असे असेल तर टेंडन तुटलेले असण्याचीच शक्यता जास्त. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. थोडेफार चालता येते म्हणून ते तुटलेले नाही, असे समजू नये.

१०. पायाला मुंग्या येतात, पोटरी घट्ट होते आणि पाऊल नीट उचलत नाही. बूट आवळले म्हणून असेल का?

प्रथम नाड्या सैल करून पाहाव्यात. पुष्कळदा कारण तेवढेच असते. तसे नसेल आणि दर वेळी ठरावीक अंतरानंतर पोटरीचा किंवा नडगीच्या बाहेरचा भाग फुगून घट्ट होत असेल व थांबल्यावर थोड्या वेळात सैल पडत असेल, तर स्नायूंच्या कप्प्यातील दाब वाढण्याचा तो जुनाट प्रकार असू शकतो. त्यासाठी तज्ज्ञांना भेटावे. थांबल्यानंतरही दुखणे वाढतच राहिले, पायाचे बोट नुसते हलवले तरी असह्य कळ आली किंवा पाऊल बधिर झाले, तर तो तीव्र प्रकार आहे आणि त्यात काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

११. वेदनाशामक गोळी घेऊन शर्यत पूर्ण करावी का?

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या शर्यतीपूर्वी किंवा शर्यतीत घेऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. दीर्घ श्रमात, घामाने पाणी कमी झाल्यावर मूत्रपिंडाकडे रक्त कमी जाते. तो पुरवठा टिकवून धरण्यास प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये मदत करतात, आणि या गोळ्या नेमक्या त्यांचीच निर्मिती थांबवतात. शिवाय जठराचे अस्तर दुखावते, आणि धावपटू पाणी अधिक पीत असेल तर रक्तातील सोडियम घसरण्याची शक्यता वाढते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये त्या वेळची विश्वविक्रमधारक पॉला रॅडक्लिफ ३६ किलोमीटरच्या सुमारास थांबली. शर्यतीआधी पायाच्या दुखापतीसाठी घेतलेल्या दाहशामक औषधांनी पोट बिघडल्याचे तिने नंतर सांगितले.

पॅरासिटामॉल मूत्रपिंडाच्या दृष्टीने तुलनेने सौम्य आहे, पण ते थांबण्याची सूचना तेवढी पुसून टाकते. इंजेक्शनचा विचार तर करूच नये. शिवाय उत्तेजकविरोधी नियम लागू असलेल्या शर्यतींत १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात कॉर्टिकोस्टेरॉइडचे कोणतेही इंजेक्शन, आणि १ जानेवारी २०२४ पासून ट्रामाडॉल हे तीव्र वेदनाशामक निषिद्ध आहे.

१२. स्प्रे, बाम आणि चिकटपट्टी यांनी काही होते का?

गारवा देणारा स्प्रे त्वचा बधिर करतो. खालच्या हाडापर्यंत किंवा टेंडनपर्यंत त्याचा परिणाम पोहोचत नाही. पट्टीने आधार वाटतो आणि किरकोळ दुखणे कमी जाणवते. दोन्ही वापरायला हरकत नाही, परंतु त्यानंतर बरे वाटले हे धावत राहण्याचे कारण मानू नये.

१३. आठवडाभर आधीपासूनच दुखते आहे. शर्यतीत उतरू का?

शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी अर्धा तास सावकाश धावून पाहावे. दुखले नाही, ढब बदलली नाही आणि दुसऱ्या सकाळी पाय कुरकुरला नाही, तर उतरायला हरकत नाही. चालताना दुखत असेल किंवा रात्री ठणकत असेल तर उतरू नये. मधल्या परिस्थितीत उतरायचेच असेल, तर कुठे थांबायचे ते आधीच ठरवावे आणि सोबतच्या कोणाला तरी सांगून ठेवावे. महिनोन्महिने सराव केला आहे, नाव नोंदवले आहे, सगळ्यांना सांगितले आहे, ही कारणे माणसाला पटतात. पायाला त्यातले काही ठाऊक नसते.

१४. शेवटचे दोनच किलोमीटर राहिले आहेत. आता तरी रेटायचे ना?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचे सरसकट उत्तर नाही. दुखणे मांसल भागात असेल, लंगडावे लागत नसेल, तर दोन किलोमीटरने सहसा फारसे बिघडत नाही. लंगडावे लागत असेल पण हाडावर बिंदूएवढी दुखरी जागा नसेल, तर चालत जावे. चालताना पायावरचा भार शरीराच्या वजनाच्या थोडाच वर असतो आणि दोन किलोमीटरला फार तर अर्धा तास लागतो. शर्यतीची वेळमर्यादा त्यात बसते का तेवढे पाहावे. हाडावर बिंदू दुखत असेल, स्नायू फाटल्याची खूण असेल किंवा दुखणे जांघेत असेल, तर दोन किलोमीटर आणि दोनशे मीटर यांत फरक करू नये.

येथे आमचा कल सावधगिरीकडे आहे, हे वाचकांनी ओळखले असेलच. हौशी धावपटूची ती शेवटची शर्यत क्वचितच असते.

१५. पण नामवंत धावपटू जखमी पायाने शर्यत पूर्ण करतात, त्याचे कौतुकही होते. मग आम्हीच का थांबायचे?

कौतुक योग्यच आहे. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी पडून गुडघ्याला जबर मार लागल्यानंतरही पट्टी बांधून मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्यांत शेवटचा, ५७ वा आला, विजेत्यानंतर तासाभराहून अधिक वेळाने. त्याने १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पाचवा क्रमांक मिळवला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्याचा पाय पूर्ववत झाला. सर्वांचाच होतो असे नाही, आणि ज्यांचा झाला नाही त्यांच्या हकिगती कोणी चित्रफितीत घालत नाही.

थांबणाऱ्यांचेही उदाहरण आहे. अथेन्समध्ये मॅरेथॉन सोडणाऱ्या रॅडक्लिफवर तेव्हा टीका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने न्यू यॉर्क मॅरेथॉन जिंकली.

१६. कोणी खांद्याला आधार दिला किंवा डॉक्टरांनी तपासले, तर मी बाद होतो का?

जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमांनुसार अधिकृत वैद्यकीय पथकाने शर्यतीत हात लावून तपासले, तर ती गैर मदत धरली जात नाही. पडलेल्या धावपटूला दुसऱ्या धावपटूने उठून उभे राहण्यास मदत केली तरी चालते. मात्र आधार देऊन त्याला पुढे नेणे चालत नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये मांडीचा स्नायू फाटल्यावर वडिलांच्या खांद्यावर हात टाकून अंतिम रेषेपर्यंत गेलेल्या डेरेक रेडमंडची शर्यत अधिकृत नोंदीत पूर्ण धरली गेली नाही. शर्यतीच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितले तर थांबणे बंधनकारक असते. हौशी शर्यतींत आधाराकडे अनेकदा काणाडोळा होतो, पण नियम तोच आहे.

१७. शर्यत सोडायचे ठरवले. आता काय करावे?

जवळच्या स्वयंसेवकाला किंवा मदत केंद्राला आपला बिब क्रमांक (छातीवर लावलेला धावपटू क्रमांक) सांगून शर्यत सोडत असल्याचे कळवावे, नाहीतर आयोजक शोधत राहतात. मार्ग सोडून परस्पर घरी जाऊ नये. घामाने भिजलेले शरीर थांबल्यावर लवकर गार पडते, म्हणून अंगावर काहीतरी घ्यावे. वेळ नोंदवणारी चिप लावलेली असताना जवळच्या वाटेने येऊन अंतिम रेषा ओलांडू नये. पूर्ण न केलेली शर्यत पूर्ण झाल्याची नोंद होते आणि ती दुरुस्त करायला त्रास पडतो.

१८. शर्यत पूर्ण केली. दुसऱ्या दिवसापासून जिना उतरता येत नाही. इजा झाली आहे का?

दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील, दुखणे चोवीस ते बहात्तर तासांत शिगेला पोहोचून पुढे उतरत असेल, तर ते स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचे नेहमीचे दुखणे आहे. त्याला लॅक्टिक ॲसिड जबाबदार नाही. श्रमात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून निघून जाते. जिना चढताना कमी आणि उतरताना अधिक दुखते, कारण उतरताना स्नायू लांबत असतानाच जोर लावतो आणि असेच काम त्याला अधिक इजा करते.

पुढील गोष्टी मात्र नेहमीच्या नव्हेत. लघवी काळ्या चहाच्या रंगाची होणे हे स्नायू मोठ्या प्रमाणावर विघटित झाल्याचे लक्षण आहे आणि त्यातून मूत्रपिंडाला धोका असतो. लगेच रुग्णालय गाठावे. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, विशेषतः शर्यतीनंतर लांबचा प्रवास बसून केला असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती पोटरी चोळू नये, डॉक्टरांना दाखवावे, आणि सोबत धाप किंवा छातीत दुखणे असेल तर क्षणभरही थांबू नये.

१९. एक्स-रेमध्ये काही आले नाही, पण दुखणे तसेच आहे. मग धावू का?

धावू नये. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बरेचदा दिसत नाही; हाड भरू लागल्यावर त्याची खूण उमटते. एमआरआयमध्ये ते लवकर दिसते. निदान झाल्यास बहुतेक ठिकाणचा तडा सहा ते आठ आठवड्यांत भरतो. प्रश्न ६ आणि ८ मधील जोखमीच्या जागांना अधिक काळ लागतो. परत येताना आधी वेदनेशिवाय भरभर चालणे, मग एक मिनिट धावणे व एक मिनिट चालणे, आणि आधी अंतर वाढवून नंतर वेग वाढवणे, हा क्रम पाळावा.

२०. मला एका वर्षात दुसऱ्यांदा स्ट्रेस फ्रॅक्चर झाले. बूट बदलू का?

बूट हे कारण असू शकते, पण पहिली शंका त्याची घेऊ नये. सराव एकाएकी वाढला होता का, आणि धावण्याच्या मानाने खाणे पुरेसे होते का, हे आधी पाहावे. ऊर्जा सतत कमी पडली की शरीर संप्रेरके आणि हाडांची डागडुजी यांत काटकसर करते. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे किंवा बंद होणे ही त्याची ठळक खूण आहे, आणि सराव जोरात चालला आहे म्हणून पाळी गेली असेल, असे म्हणून ती सोडून देऊ नये. पुरुषांमध्ये ही अवस्था येते, पण तितकी ठळक खूण नसल्याने उशिरा लक्षात येते. ड जीवनसत्त्वाची तपासणी आणि गरज पडल्यास हाडांची घनता मोजून घेणे योग्य ठरेल.

२१. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला हेच नियम लावायचे का?

त्याच्या बाबतीत नियम अधिक कडक हवेत. वाढत्या वयात टेंडन जेथे हाडाला जोडलेले असते तेथे कूर्चा असते आणि ती ताणाने दुखावते. गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा आणि टाचेची मागची बाजू या तिच्या नेहमीच्या जागा. लंगडणाऱ्या मुलाला शर्यत पूर्ण करायला लावू नये, तो स्वतः कितीही तयार असला तरी.

२२. नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाला आहे. त्याचा पायाशी काही संबंध असतो का?

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील औषधांचा असतो. त्यांनी टेंडनला, विशेषतः अकिलिसला, सूज येण्याचा आणि ते तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये या गटावर तशी ठळक सूचना छापणे सक्तीचे केले. साठीपुढील व्यक्तींत आणि सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत धोका अधिक असतो, आणि औषध संपल्यानंतर काही महिन्यांनीही त्रास उद्भवू शकतो. त्यामुळे असा कोर्स सुरू असताना किंवा नुकताच झालेला असताना टाचेच्या वर दुखू लागले, तर प्रश्न ९ मध्ये दिलेली सौम्य दुखण्याची सवलत घेऊ नये: धावणे थांबवावे आणि ज्या डॉक्टरांनी औषध दिले त्यांना त्याच दिवशी कळवावे. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांना दोन्ही पायांचे स्नायू दुखण्याचा त्रास होऊ शकतो. शर्यतीनंतर आठवडा उलटला तरी ते दुखणे उतरले नाही, तर औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलावे.